प्रेमदेवतेची पुजारीण आणि आगीचा गोळा: एका टेबलाचं प्रकरण

## पार्श्वभूमी

हे प्रकरण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा डाइस टाकून, बोलत बोलत गोष्ट रचायचा भूमिकांचा खेळ खेळणाऱ्या एका घरगुती गटाचं आहे. पाच खेळाडू आणि एक डीएम (गोष्ट पुढे नेणारा, नियम चालवणारा), सगळे मराठी. चौघं पुण्यातले, एक ठाण्याची, एक नोकरीसाठी युरोपात गेलेला. महिन्यातून दोन रविवारी व्हिडिओ कॉलवर खेळ चालतो. मी या टेबलावर खेळत नाही. डीएम जुना ओळखीचा, आणि गाडं अडल्यावर त्यानं मला नोट्स आणि गटाचं चॅट दाखवून मत विचारलं. पुढे सगळ्यांशीच बोलणं झालं. सगळ्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असं सारं गाळलंय किंवा बदललंय. खेळाडूंना मी त्यांच्या कॅरेक्टरवरूनच हाक मारणार आहे: क्लेरिक (देवाची पुजारीण), बार्ड (गाण्यातून जादू करणारा), फायटर, रेंजर आणि चोर.

कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, ग्रीक धाटणीचं होतं. डीएमनं सायप्रसचा नकाशा समोर ठेवून एक बेट बेतलं होतं आणि तिथल्या पाफोस या गावाला पाफोसच ठेवलं होतं. ग्रीक ढंगाचं जग तयार हवं असेल तर २०२० मध्ये आलेलं थेरॉस या जगाचं पुस्तक आहेच, पण त्यातल्या पंधरा देवांमध्ये निखळ प्रेमाची देवता नाही. आणि क्लेरिक खेळणारीला नेमकी तीच हवी होती. मग दोघांनी २०१४ च्या प्लेअर्स हँडबुक या मूळ नियमपुस्तकाचं परिशिष्ट उघडलं. तिथे ग्रीक देवांचा तक्ता आहे आणि त्यात ॲफ्रोडाइटीच्या वाट्याला एक ओळ: प्रेम आणि सौंदर्याची देवी, केऑटिक गुड (बंधनं न मानणारी, पण भली), लाइट डोमेन (पुजाऱ्याला मिळणाऱ्या शक्तींचा गट), चिन्ह समुद्री शिंपला. एवढंच. देऊळ कसं असतं, पुजारी दिवसभर काय करतात, भक्तांनी काय पाळायचं, काय टाळायचं, यातलं एक अक्षर नाही.

या खेळात देवांची अशी अवस्था जुनीच आहे. १९८० च्या डेइटीज अँड डेमिगॉड्स या पुस्तकात ॲफ्रोडाइटी होती, तिच्या नावापुढे राक्षसांसारखे हिट पॉइंट्सही (किती मार सोसता येईल तो आकडा) होते. त्याच पुस्तकात भारतीय देवतांचं प्रकरणही होतं, इंद्र आणि कालीसकट. आपल्याकडच्या कुणी ते पान उघडलं की क्षणभर चमत्कारिक वाटतं, आणि मग लक्षात येतं की ग्रीक प्रकरणही तितकंच उथळ असणार. फक्त ते आपल्याला टोचत नाही.

## अडचण कशी वाढत गेली

सुरुवातीला सगळं हसण्यावारी गेलं. लाइट डोमेनची स्पेल्स (जादूचे मंत्र) म्हणजे पहिल्या लेव्हलला बर्निंग हँड्स, तिसरीला स्कॉर्चिंग रे, पाचवीला फायरबॉल. प्रेमदेवतेची पुजारीण, आणि हाती येतं ते सगळं जाळपोळीचं. पाचव्या लेव्हलला पोचल्यावरच्या पहिल्याच मारामारीत तिनं एका लग्नघरात घुसलेल्या लुटारूंवर फायरबॉल टाकला. लुटारू मेले, सोबत मांडवही गेला. फायटरनं विचारलं, "आहेर कुणाला द्यायचा आता?" आणि पुढची पंधरा मिनिटं खेळ थांबला.

हसू खरं होतं, क्लेरिकही हसली होती. पण तिला खेळायची होती ती बाई वेगळीच होती: माणसं ओळखणारी, सोयरिकी जुळवणारी, भांडणं मिटवणारी, गावात शब्दाला वजन असलेली. प्रत्यक्षात लढाईत ती आगीची तोफ झाली आणि गावात आलं की पार्टी, म्हणजे बाकीची टोळी, तिला पुढे ढकलायची. वेशीवरचा शिपाई आत सोडत नाही? "तू जा ना, तुझ्या देवीचं खातं आहे." सावकार भाव कमी करत नाही? "पटव त्याला." डीएमही तिला परसुएजनचा रोल, म्हणजे समोरचा पटतो का ते बघायला डाइस, टाकायला लावायचा आणि वीसच्या आसपास आकडा आला की शिपाई लाजायचा. दुसरं काही त्याच्या डोक्यातच यायचं नाही, कारण त्याच्यापाशीही तीच एक ओळ होती.

गाडं अडलं ते एका भटारखान्यात. बंदरावर पाव भाजणाऱ्या एका बाईनं तस्करांची नाव पाहिली होती आणि ती बोलायला तयार नव्हती. बार्डनं "देवीच्या नावानं" म्हणत चार्म पर्सन हे मन वळवणारं स्पेल टाकलं. बाईचा सेव्ह, म्हणजे जादूपासून वाचण्याचा रोल, फसला, विसाच्या डाइसवर सात. नियमाप्रमाणे आता तासभर ती त्याला ओळखीचा, भला माणूस समजणार, एवढंच. बार्ड मात्र म्हणाला, "आता ती माझ्या प्रेमात आहे." डीएम चाचरत म्हणाला, "बरं... ती हसते." बार्डनं तिला खानावळीच्या माडीवर नेण्याचं वर्णन सुरू केलं. क्लेरिकचा कॅमेरा बंद झाला. फायटर म्हणाला, "चला, तस्करांचं बघू." डीएमनं "सकाळ झाली" म्हणून दृश्य तोडलं.

त्या रात्री क्लेरिकनं चॅटवर एकच वाक्य टाकलं: "पुढच्या वेळी कॅरेक्टर बदलते, देवी नको." खाली चोरानं अंगठा दिला आणि बार्डनं विचारलं, "का गं? मस्त चाललंय की."

डीएमपुढे आणखी एक तिढा होता. चार्म पर्सन संपलं की समोरच्याला कळतं की आपल्यावर जादू झाली होती, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सकाळी त्या बाईला सगळं कळणार. पुढच्या सेशनला ती दारात उभी राहिली तर तिच्या तोंडी काय घालायचं?

## आधी काय तपासून पाहिलं

डीएमची पहिली ऊर्मी बार्डला फोन करून झापण्याची होती. मी म्हटलं, थांब. इथे तीन गोष्टींचा गुंता झालाय: नियम काय म्हणतात, इतिहास काय म्हणतो आणि टेबलावरची माणसं एकमेकांशी कशी वागतात. बार्ड या तिन्हींची ढाल करणार होता, तेव्हा आधी प्रत्येकीत किती दम आहे ते पाहू.

नियमांचं सोपं होतं. चार्म पर्सनमध्ये प्रेम नाही. चार्म झालेला माणूस जादू करणाऱ्यावर हल्ला करू शकत नाही आणि बोलण्या-पटवण्याच्या रोलमध्ये जादू करणाऱ्याला फायदा मिळतो, बस. बाकीचं बार्डनं पदरचं घातलं होतं आणि डीएमनं अडवलं नव्हतं. गंमत म्हणजे खेळ बनवणारेही याच दगडाला ठेचकाळले आहेत. २०२० च्या सुरुवातीला कंपनीनं क्लेरिकसाठी 'लव्ह डोमेन' नावाचा मसुदा खेळून बघायला म्हणून काढला होता. त्यात समोरच्याच्या मनात आपल्याबद्दल अचानक ओढ पेटवून त्याला आपल्या बाजूनं लढायला लावायची ताकद होती. प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणं का, असा ओरडा लगेच झाला आणि कंपनीनं लगोलग नाव बदलून 'युनिटी' केलं. त्यातली माणसं एकमेकांशी बांधण्याची कल्पना त्याच वर्षअखेर 'टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या नियमपुस्तकात 'पीस डोमेन' म्हणून आली. ही माहिती पुढे फार कामाला आली.

इतिहासाचं प्रकरण जास्त नाजूक निघालं. बार्डचं म्हणणं होतं की ॲफ्रोडाइटीच्या देवळात हे चालायचंच. कोरिंथच्या देवळात हजार गणिका होत्या, त्यानं वाचलंय. वाचलं होतं ते खरं. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानं तसं लिहिलंय. पण त्यानं ते लिहिलं इसवी सनाच्या आगेमागे, आणि लिहिलं भूतकाळाबद्दल. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये जुनं कोरिंथ उद्ध्वस्त केलं होतं. स्ट्रेबो स्वतः कोरिंथच्या डोंगरावर चढला तेव्हा त्याला माथ्यावर एक लहानसं देऊळ दिसलं. हजाराचा आकडा ऐकीव. अलीकडच्या अभ्यासकांपैकी स्टेफनी ब्युडिन यांनी तर २००८ मध्ये अख्खं पुस्तक लिहून मांडलं की प्राचीन काळातली 'पवित्र वेश्याप्रथा' ही मुळातच दंतकथा आहे. सगळे त्यांच्याशी सहमत नाहीत, पण "इतिहासात होतंच" असं ठोकून म्हणण्याइतका पाया तिथे नाही.

इथे आजवर गप्प असलेली रेंजर बोलली. तिचं आजोळ सीमाभागातलं आहे आणि देवीला सोडलेल्या बायका तिनं लहानपणी पाहिल्या आहेत. महाराष्ट्रानं देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा २००५ मध्ये केला, म्हणजे हे प्रकरण तिच्या हयातीतलं. ती म्हणाली, "तुम्हाला ही ग्रीक मौज वाटते. मला त्यात आमच्या गल्लीतली एक आजी दिसते." कॉलवर कुणाला काही सुचलं नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची माहिती इथे मिळाली, आणि ती कुठल्याही पुस्तकातून आली नव्हती.

मात्र इतिहासाला उगाच सोज्वळ करायलाही जागा नव्हती. जबरदस्ती ॲफ्रोडाइटीच्या गोष्टींत ठासून भरली आहे. इलियडच्या तिसऱ्या सर्गात हेलन पॅरिसकडे जायला नकार देते, तर देवी तिला धमकावून पाठवते. इ.स.पू. ४२८ च्या युरिपिडीसच्या नाटकात हिप्पोलिटस आपल्याला मानत नाही म्हणून देवी त्याच्या सावत्र आईला, फीड्राला, त्याच्या प्रेमात पाडते आणि अख्खं घर बुडवते. सॅफो या ग्रीक कवयित्रीच्या प्रार्थनेत तर देवी सरळ वचन देते की जिच्यावर सॅफोचा जीव आहे ती आज प्रेम करत नसली तरी लवकरच करेल, मनात नसलं तरी. डीएमला हे वाचून घाम फुटला. मला मात्र वाट इथूनच दिसली: या सगळ्या गोष्टींत मनावर ताबा घेते ती देवी. हेलन, फीड्रा, सॅफो यांच्यापैकी कुणाच्याच हाती ते सामर्थ्य नाही. फार तर ते उसनं मिळतं, जसा हेराला झ्यूसला भुलवण्यासाठी देवीचा पट्टा मिळतो, तोही एका देवीनं दुसरीला दिलेला.

## कोणते पर्याय होते

देवीच बदलायची, हा क्लेरिकचा स्वतःचा प्रस्ताव. फॉरगॉटन रेल्म्स या खेळाच्याच एका तयार जगातली सून फायरहेअर आहे, तिचे पुजारी आहेत, थोडीफार रीतही लिहिलेली आहे. पण तीही सौंदर्य आणि प्रेमाचीच; टेबल तेच, विनोद तेच राहिले असते.

दुसरा, खेळातून प्रेमप्रकरणं पूर्ण काढून टाकायची. फायटर याच्या बाजूचा होता. सोपं, स्वच्छ, पण शिक्षा क्लेरिकला. तिला जे खेळायचं होतं तेच जाणार आणि ज्यानं घोळ घातला त्याचं काहीच जाणार नाही.

तिसरा, बार्डला निरोप द्यायचा. याचा विचार गंभीरपणे झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण आजवर त्याला कुणी अडवलंच नव्हतं. अडवल्यावर तो कसा वागतो हे बघितल्याशिवाय काढून टाकणं डीएमला पटलं नाही. मलाही नाही.

चौथा, फक्त टेबलाचे नियम कडक करायचे. रेघा आणि पडदे, म्हणजे काय खेळात कधीच येणार नाही आणि काय आलं तरी पडद्याआड राहील, याची यादी करायची. एक्स-कार्ड या टेबलावर आधीपासून होतं. व्हिडिओ कॉलवर चॅटमध्ये नुसतं 'एक्स' टाईप केलं की दृश्य थांबतं. त्या संध्याकाळी कुणीच टाईप केलं नाही. विचारल्यावर क्लेरिक म्हणाली, "सगळ्यांचा मूड कशाला घालवायचा?" रेंजरनंही जवळजवळ तेच सांगितलं. मित्रमंडळीत ही भीड असतेच. कार्ड ठेवल्यानं ती जात नाही.

पाचवा माझा होता: देवीला संप्रदाय द्यायचा. तिच्या भक्तांना कामं, पथ्यं, सणवार, हिशेब द्यायचे, म्हणजे पुजारीण म्हटल्यावर "पटव" याशिवाय दुसरं काहीतरी सुचेल. फायटरनं मध्येच स्पार्टातल्या शस्त्रधारी ॲफ्रोडाइटीचं पिल्लू सोडलं. तशी मूर्ती खरंच होती, पॉसेनियस या प्राचीन ग्रीक प्रवाशानं नोंदवलीय. पण क्लेरिकला आणखी हत्यारं नको होती, विषय तिथेच संपला.

शेवटी चौथा आणि पाचवा मिळून करायचं ठरलं.

## काय केलं

डीएमनं प्रत्येकाला वेगळा फोन केला, क्लेरिकला पहिला. क्रम महत्त्वाचा होता. बार्डला आधी केला असता तर त्याची बाजू डोक्यात घेऊन तो क्लेरिकशी बोलला असता. बार्ड आधी चिडला, "एनपीसी आहे यार, खरी बाई थोडीच आहे" वगैरे (एनपीसी म्हणजे डीएमनं चालवलेलं पात्र). डीएमनं त्याला विचारलं, "एनपीसी खरी नाही, पण क्लेरिक खरी आहे ना?" त्यावर तो बराच वेळ गप्प होता असं डीएम सांगतो.

मग भटारखान्याचा प्रश्न. ती संध्याकाळ पुसून टाकायची की तिचे परिणाम खेळायचे? पुसलं तर बार्ड सुटतो. खेळलं तर ज्या दोघींना त्रास झाला त्यांनाच पुन्हा त्या दृश्यात बसावं लागतं. डीएमनं मधला मार्ग काढला: खानावळीचा भाग झालाच नाही, जादू मात्र झाली. हे त्यानं पुढच्या सेशनच्या सुरुवातीला, खेळात शिरण्याआधी, सर्वांसमोर सांगितलं.

त्यानंतर ती बाई देवळात आली, तक्रार घेऊन. देवीच्या नावावर माझ्या डोक्यात कुणीतरी हात घातला, न्याय करा. आणि न्याय करायला बसली होती क्लेरिक. पहिल्यांदाच टेबलावर सगळे तिच्याकडे बघत होते आणि कुणाला पटवायचं नव्हतं.

संप्रदायाचा नियम डीएमनं एका ओळीत लिहिला होता: मनावर ताबा घेणं हा देवीचा हक्क; भक्तानं तो वापरला तर ती देवीची चोरी. म्हणजे चार्म पर्सन, सजेशन अशी स्पेल्स देवीच्या नावावर टाकणं हा गुन्हा. हा नियम ग्रीकांचा नाही, टेबलाचा आहे, पण ग्रीक गोष्टींच्या अंगाला तो बसतो. त्यामुळे गोष्टीतली जबरदस्ती पुसावी लागली नाही. ती देवीकडे राहिली, भयंकरच राहिली, आणि खेळाडूंच्या हातातून गेली.

बार्डला शिक्षा काय? यासाठी मी डीएमला एक शिलालेख सुचवला होता. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, अथेन्समधला, ॲफ्रोडाइटी पांडेमॉसच्या मिरवणुकीच्या तयारीबद्दलचा. अधिकाऱ्यांनी काय करायचं ते त्यात लिहिलंय: शुद्धीसाठी कबुतर द्यायचं, वेद्यांना लेप द्यायचा, छताला डांबर फासायचं, मूर्ती धुवायच्या. इतकं घरगुती, इतकं गुरवाच्या रोजच्या कामासारखं. बार्डच्या कॅरेक्टरला छताचं काम मिळालं. गाणं म्हणायचं नाही, जादू वापरायची नाही, उन्हात शिडीवर उभं राहून डांबर फासायचं. त्यानं ते मन लावून खेळलं. डांबर केसांना लागलं, कबुतरं बादलीत पडता पडता वाचली, शेजारच्या गवंड्यानं त्याला ब्रश धरायला शिकवलं. अख्ख्या कॅम्पेनमधलं त्याचं सर्वांत चांगलं सेशन ते, असं फायटरचं मत आहे.

बाकीचा संप्रदायही अशाच खऱ्या तुकड्यांतून जुळवला. पाफोसच्या देवळातली पूजेची वस्तू मनुष्याकृती मूर्ती नव्हती, शंकूच्या आकाराचा दगड होता, आणि वेदीवर रक्त सांडायचं नाही, शुद्ध अग्नी आणि प्रार्थना एवढंच चालतं, असं टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. दगड आल्यावर "देवीची मूर्ती कशी दिसते" या चालीचे विनोद आपोआप बंद पडले. रक्तबंदीमुळे देवळाच्या आवारात तलवार उपसता येईना, आणि एकदा तर तस्करांनीच तिथे आसरा घेतला. क्लेरिकच्या आगीलाही बसायला जागा मिळाली: ती आता वेदीवरच्या अग्नीची राखण करते.

बंदरावर देवीचं रूप युप्लोइया, सुखरूप जलप्रवास घडवणारी. निडोसला तिची अशी पूजा होत असे. त्यामुळे खलाशी निघताना नवस बोलतात आणि परत आल्यावर फेडतात, आणि कोण परतलं नाही याची खबर सर्वांत आधी देवळाला लागते. तस्करांचा माग असाच लागला, कुणालाही न भुलवता. नगरात तिचं रूप पांडेमॉस, सगळ्या वस्त्यांना एकत्र आणणारी. ग्रीक नगरांत अधिकारी तिला दानं देत, तेव्हा डीएमनं पदावरून उतरणारा प्रत्येक पंच देवळात हिशेब वाचून दाखवतो अशी रीत घातली. क्लेरिकनं पहिल्याच हिशेबात सावकाराला पकडला.

आणि गच्चीवरचा सण, अडोनिया. अथेन्सच्या बायका फुटक्या मडक्यांत लेट्यूस, बडीशेप असलं झटपट उगवणारं बी पेरून ती गच्चीवर चढवत आणि ते वाळलं की अडोनिसचा, म्हणजे देवीच्या अकाली मेलेल्या प्रियकराचा, शोक करत. रेंजरनं ऐकल्याबरोबर म्हटलं, "घटातल्या धानासारखंच की." सण बायकांचा असल्यामुळे त्या सेशनमध्ये पार्टीतल्या पुरुष कॅरेक्टर्सना खाली अंगणात थांबावं लागलं आणि वर गच्चीवर क्लेरिक आणि रेंजर, दोघींनी मिळून गोष्टीतल्या एका खुनाचा अर्धा तपास पुरा केला.

नियमांच्या बाजूनं क्लेरिकचं डोमेन लाइटवरून पीसवर नेलं. टॅशाच्या पुस्तकात सबक्लास, म्हणजे डोमेनसारखी उपशाखा, बदलायची सोय आहे. फायरबॉल गेला, सँक्च्युअरी, वॉर्डिंग बाँड, बीकन ऑफ होप आली. या डोमेनची मुख्य ताकद एम्बोल्डनिंग बाँड: तीस फुटांच्या आतल्या *राजी* असलेल्या साथीदारांना ती एकमेकांशी बांधते, पाचव्या लेव्हलला तिघांना, आणि ते जवळ असले की रोलला चार बाजूंचा डाइस जास्त मिळतो. राजी असणं इथे नियमातच आहे. बार्डनंही चार्म पर्सन सोडून हिरोइझम घेतलं, सजेशनऐवजी कॅल्म इमोशन्स. ही अदलाबदल डीएमनं त्याला फुकट दिली. चोराला ते लाड वाटले. मला योग्य वाटलं. कॅरेक्टरची निम्मी हत्यारं काढून घेऊन वर "नीट वाग" सांगितलं तर माणूस रुसणारच.

## काय झालं

क्लेरिक राहिली. गावातल्या दृश्यांत आता ती बोलते आणि बाकीचे ऐकतात. "पटव" हा शब्द अजून येतो, पण तो म्हणणाऱ्याला चोर लगेच "डांबर!" म्हणून ओरडतो, आणि हे त्यांनी आपापसातच सुरू केलंय.

बार्ड राहिला. सुरुवातीचे दोन सेशन जरा अंग चोरून होता. क्लेरिकची त्यानं थेट माफी मागितलेली नाही. छताचं काम हीच माफी असं त्याचं गणित दिसतं. क्लेरिक म्हणते, तिला तेवढं पुरेसं नाही, पण ती खेळतेय.

रेंजर गेली. अडोनियाच्या सेशननंतर महिन्याभरात तिनं शिफ्ट बदलल्याचं सांगून निरोप घेतला. शिफ्ट बदलली हे खरं आहे. एवढंच कारण असेल यावर डीएमचा विश्वास नाही.

लढायांचा तोल मात्र ढळला. पीस डोमेन जबर आहे. तिघांना प्रत्येक फेरीत जादा डाइस म्हणजे डीएमचे राक्षस दुसऱ्या फेरीतच आडवे. त्यानं आधी शत्रूंचे हिट पॉइंट्स वाढवले, त्यानं नुसत्या लढाया लांबल्या. मग नियम पुन्हा वाचला: बाँड तीस फुटांपर्यंतच. आता तो दरी, पूल, तुटकी गलबतं अशा जागा निवडतो, जिथे पार्टीला पांगावंच लागतं.

## वेगळं काय करता आलं असतं

सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीला, या टेबलावर चांगले दोन तास बोलणं झालं होतं. कॅरेक्टर मेलं तर काय, फोन किती वाजता बंद, एकाला कोळ्यांची भीती आहे म्हणून महाकाय कोळी नकोत. प्रेमप्रकरणांचा विषय आला तेव्हा "आपण काय लहान आहोत का" म्हणून तो दोन मिनिटांत उडाला. प्रेमदेवतेची पुजारीण पार्टीत येणार हे तेव्हाच ठरलं होतं. युद्धदेवाचा पुजारी असता तर रक्तपात किती दाखवायचा हे नक्की बोलले असते.

भटारखान्यात डीएमला थांबवायला फार काही लागलं नसतं. "नियमात प्रेम नाही, ती तुला ओळखीचा समजते, पुढे?" एवढं वाक्य पुरलं असतं. तो म्हणतो, त्या क्षणी त्याला बार्डला तोंडघशी पाडायचं नव्हतं. एक्स-कार्ड न टाकण्यामागे खेळाडूंची जी भीड होती, तीच डीएमचीही होती. म्हणून आता कार्डची वाट न बघता दर तासाला पाच मिनिटांचा ब्रेक असतो आणि त्यात डीएम प्रत्येकाला खाजगी चॅटवर "ठीक?" एवढंच विचारतो. उत्तर एका अक्षरात देता येतं. यावर एकदा चोरानं खरंच "नाही" लिहिलं, कारण साधं होतं, त्याला भूक लागली होती. पण वाट मोकळी आहे हे सगळ्यांना कळलं.

माफीबद्दल माझं आणि डीएमचं आजही पटत नाही. खेळातली शिक्षा खेळापुरती; ती रंगली म्हणून खऱ्या माणसाचं देणं फिटत नाही. बार्डला त्याच आठवड्यात क्लेरिकला फोन करायला सांगायला हवं होतं. डीएमचं म्हणणं, सांगून मागितलेली माफी क्लेरिकलाच नको होती. दोघींना विचारलं तर क्लेरिक म्हणते "तेव्हा नको होती, आता हवी आहे," आणि रेंजर या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

रेंजरकडे आमचं सगळ्यांचंच लक्ष कमी गेलं. सगळी दुरुस्ती क्लेरिकभोवती झाली, कारण तक्रार तिनं लिहून केली होती. रेंजर जे बोलली ते त्याहून जड होतं, आणि त्यावर टेबलानं फक्त मान हलवून पुढचा विषय घेतला. कोरिंथच्या देवळासारखं काही या बेटावर कधीच येणार नाही, ही रेघ तिला विचारून, तिच्यासमोर मारायला हवी होती. ही रेघ मारली गेली, पण रेंजर गेल्यावर.

सध्या डीएम हिप्पोलिटसच्या धर्तीवर पुढचा भाग रचतोय. चोराच्या कॅरेक्टरनं सलग तीन सणांना देवीला काही वाहिलेलं नाही आणि वर देवळाच्या दानपेटीत हात घातलाय, तेव्हा कोप व्हायलाच हवा. पण देवीचा कोप म्हणजे मनावर ताबा, आणि तो खेळाडूच्या कॅरेक्टरवर चालवायचा की नाही, हे टेबलानं अजून ठरवलेलं नाही. हार्पीच्या गाण्यानं पार्टी खेचली गेली तेव्हा डीएमनं आधी विचारून घेतलं होतं, तसंच त्यानं आताही विचारलंय. चोराचा होकार आहे, अट एकच: कॅरेक्टर मेलं तरी चालेल, कुणाच्या प्रेमात पाडायचं नाही. अट वहीत लिहिली गेली आहे, सेशन दिवाळीनंतर आहे.